मार्सेलकाकांचा दुसरा रविवार

माझे मार्सेलकाका चुकत नसत. म्हणजे चुकत, पण ते त्यांना सांगायची सोय नव्हती. मुंबईच्या एका छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले होते. हातून कधी उलटं अक्षर गेलं नाही, हा त्यांचा अभिमान, आणि जे एकदा जुळवून छापलं ते कायमचं खरं, हा त्यांचा समज. निवृत्त होऊन ते भुईगावला वाडीत येऊन बसले तेव्हा समज सोबत आला. रेजिनाकाकी म्हणायची, "यांना पोप एक वेळ ऐकवेल, मी नाही."

पण या माणसाचं एक वेड मला फार आवडायचं. फेब्रुवारी सरता सरता, आंब्यांचा मोहर वाडीभर घमघमू लागला की काकांना घर टोचायचं. थंडी सुटलेली असते, उन्हाळा अजून दारात आलेला नसतो, ते पंधरा दिवस घरात घालवणं म्हणजे त्यांच्या मते पाप. मग दररोज पहाटे फिरणं. कुठल्या वाडीत पांगारा फुलला, कुठल्या बावखलावर खंड्या बसतो, कोकीळ यंदा कुणाच्या आंब्यावर पहिल्यांदा ओरडला, हे सगळं घरी येऊन चहाबरोबर सांगायचे. बावखल म्हणजे आमच्याकडे वाडीच्या शिंपण्यासाठी खणलेलं तळं. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे वर्षातली एक सहल: किनाऱ्या-किनाऱ्याने राजोडीपर्यंत चालत जायचं, सुरूच्या बनात जेवायचं आणि आगाशीवरून परत यायचं.

या सहलीचा दिवस ठरलेला होता, उपासकाळाचा दुसरा रविवार. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात, तिथून ईस्टरपर्यंतचा आमचा उपासकाळ. छापखान्यात असताना एका वर्षी काकांनी चर्चचं कॅलेंडर आणि एक पंचांग एकाच आठवड्यात जुळवलं. तेव्हा त्यांना दिसलं की राखेचा बुधवार अगदी अमावास्येच्या अंगाला येतो. झालं. काकांनी नियम बांधला: राखेचा बुधवार म्हणजे अमावास्या, दुसरा रविवार तिथून अकरावा दिवस, म्हणजे एकादशी. एकादशीला सकाळी पावणेनऊला भरती पूर्ण होते आणि तीन वाजेपर्यंत पाणी उतरत राहतं. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून निघावं, वाटेतल्या खाडीला उतरतं पाणी मिळावं, आरामात पार व्हावं. दरवर्षी तोच दिवस, तीच वेळ. त्यांच्या खिशातल्या वहीच्या पहिल्या पानावर हे सुबक अक्षरात लिहिलेलं होतं.

बारा वर्षं आम्ही असे गेलो. त्यातल्या दोन वर्षी कमरेपर्यंत भिजलो. दोन्ही वेळा काकांनी पश्चिमेच्या वाऱ्याला दोष दिला.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये मात्र सहलीत सेलिनआत्या होती. ही काकांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाकडेच राहिली. आदल्या ऑक्टोबरात बावखलाच्या पायरीवरून घसरून तिचा पाय मोडला. चार महिने ती खाटेवर पडून खिडकीतून एकच फणस बघत होती. प्लास्टर निघालं, काठी हातात आली, तरी जो तो तिला "बस, उठू नकोस" एवढंच सांगे. मीही सांगत असे. एक दिवस ती काकांना म्हणाली, "मार्सेल, मला मोहर बघायचाय आणि समुद्र बघायचाय. उद्या मेले तर फणस बघून मेले, असं नको व्हायला." काका म्हणाले, "दुसऱ्या रविवारी नेतो तुला. माझी जबाबदारी." आत्याने दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. मार्सेल म्हणाला म्हणजे झालं.

त्या आठवड्यात शुक्रवारी होळी होती. शेजारच्या काशीरामच्या घरून नेहमीप्रमाणे पुरणपोळीचं ताट आलं. उपासकाळातल्या शुक्रवारी आम्हाला मांस वर्ज्य, पण पुरणपोळीला फादरांची हरकत नाही, असं म्हणत काकांनी तीन पोळ्या खाल्ल्या. रात्री बोंबांनी झोप लागली नाही म्हणून शनिवारी सकाळी कुरकुरलेसुद्धा. हे मी मुद्दाम सांगते आहे.

रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही चौघं निघालो: काका, काकी, आत्या आणि मी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आत्यासाठी टांगा केला होता. टांगा आम्हाला किनाऱ्याच्या टोकाला सोडणार आणि रस्त्याने फिरून चार वाजता राजोडीला येणार, मधलं अंतर आत्याला धरून बसत-उठत चालायचं, असं ठरलं. वाटेत काकांनी तो तीनदा थांबवला. मोहराची एक फांदी वाकवून आत्याच्या नाकाशी धरली. पांगाऱ्याखाली पडलेली लाल फुलं तिच्या ओटीत टाकली. आत्या नुसती डोळे पुसत होती. काकांवर चिडायची माझी सवय, पण त्या सकाळी मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

वाळूवर उतरलो तेव्हा समुद्र अर्धा होता. अर्धा समुद्र चढताना आणि उतरताना लांबून सारखाच दिसतो. पण माझ्या पायाखालची वाळू कोरडी होती. पाणी नुकतं उतरलं असेल तर ती ओली हवी.

"काका, वाळू कोरडी कशी?"

"मार्चचं ऊन आहे, जुलियाना. वाळणार नाही तर काय?"

मी गप्प बसले. काकांना उलट विचारायचं म्हणजे अर्धा तास ऐकून घ्यायची तयारी हवी, आणि मला सहल बिघडवायची नव्हती. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

सव्वाअकराला आम्ही खाडीपाशी पोचलो. तिथे खाडी समुद्राला मिळताना दोन फाट्यांत विभागते आणि मध्ये वाळूचा उंचवटा राहतो. पहिल्या फाट्यात गुडघाभर पाणी होतं. काका आणि मी आत्याला दोन्ही बाजूंनी धरून उंचवट्यावर घेऊन गेलो. पुढचा फाटा मात्र चांगला खोल दिसत होता.

"अर्धा तास थांबू," काका म्हणाले. "उतरतंय पाणी. घोट्याएवढं झालं की जाऊ."

बसायला म्हणून आणलेलं जुनं लाल लुगडं काकीने घडी घालूनच वाळूवर टाकलं. आम्ही टोपलीतून सुकेळी काढली, म्हणजे वाळवलेली केळी, आगाशीची, मधासारखी चिकट. आत्याने आपली काठी पाण्याच्या कडेला वाळूत रोवली आणि पाय पसरून समुद्राकडे बघत बसली. वारा छान होता. काकांनी कुठल्याशा पांढऱ्या पक्ष्याचं नाव सांगायला सुरुवात केली. माझं लक्ष काठीवर होतं. पाच मिनिटांनी पाणी काठीच्या बुडाशी आलं होतं. आणखी पाच मिनिटांनी पाणी वीतभर वर आलं होतं.

"काका, काठी बघा."

"वाळू खचली असेल."

"काठी खचली असती तर तिचं वरचं टोकही खाली आलं असतं ना? ते होतं तिथेच आहे. पाणी वर आलंय."

काकांनी वही काढली. चष्मा लावून पहिलं पान वाचलं. खरं सांगते, समोर समुद्र असताना तो माणूस वही वाचत होता. काकी उठून मागच्या फाट्याकडे गेली आणि तिथूनच हाक मारली, "अहो, इकडे मांडीच्या वर गेलंय!" तिचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता. मला भीती वाटली. उंचवटा आता आमच्या अंगणाएवढा उरला होता. मला पोहता येत नव्हतं, काकीला येत नव्हतं, आणि आत्याला तर सपाट जमिनीवर नीट चालता येत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या काठावर माणूस दिसला. काशीराम. खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन तो खाडीत मासे पागायला आला होता. त्याच्या कानामागे धुळवडीचा जांभळा रंग अजून तसाच होता.

"मार्सेलदादा, तिथं काय करताय?" तो ओरडला.

"पाणी उतरायची वाट बघतोय!"

"उतरायची? अवो, पानी चढतंय!"

"ओहोटी आहे, काशीराम! आज एकादशी!"

"कुठली एकादशी? परवा होळी नाय झाली? माझ्या घरची पोळी खाल्लीत ना तुम्ही?"

काकांच्या हातातली वही खाली आली. होळी पौर्णिमेची असते हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी भर दुपारी उधाणाची भरती असते, हेही नाही. काकांना दोन्ही माहीत होतं. पौर्णिमा त्यांच्या ताटात येऊन गेली होती, तीन वेळा. पण होळी काशीरामची आणि राखेचा बुधवार आमचा; एकाच डोक्यात राहूनही या दोन गोष्टींची बारा वर्षांत कधी गाठ पडली नव्हती.

"पौर्णिमा," काका एवढंच म्हणाले. त्या वर्षी राखेचा बुधवार अमावास्येनंतर पाच दिवसांनी आला होता.

काशीरामने पाग काठावर टाकली आणि सरळ पाण्यात शिरला. कुठे पाय ठेवायचा हे त्याला ठाऊक होतं, तरी मध्यावर पाणी त्याच्या छातीला लागलं आणि ओढीने तो दोन पावलं बाजूला सरकला. वर आला तेव्हा धापा टाकत होता. "टोपल्या सोडा," तो म्हणाला. "हे लुगडं घ्या, सगळ्यांनी पकडायचं. हात सुटला तरी लुगडं सोडायचं नाय. लवकर. अजून दहा मिनिटांत मला पन जमनार नाय."

काका आत्यासमोर पाठ करून खाली वाकले. "सेलिन, बस पाठीवर. मी नेतो."

काका तेव्हा साठीला टेकले होते आणि त्यांचे गुडघे थरथरत होते. आत्याने त्या गुडघ्यांकडे बघितलं. मग काठी वाळूतून उपसली आणि शांतपणे म्हणाली, "मार्सेल, तू वही सांभाळ. मला काशीराम नेईल."

तिने ते रागाने म्हटलं नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. काका वाकलेले तसेच राहिले. काशीरामने आत्याला खांद्यावर घेतलं.

पुढे काशीराम, त्याच्या कमरेला लुगड्याचं टोक बांधलेलं, मग काकी, मग मी आणि शेवटी काका. पाणी पोटाला लागलं तेव्हा मी लुगडं दोन्ही हातांनी आवळलं. छातीला लागलं तेव्हा मी मोठ्याने "नमो मारिया" म्हणू लागले आणि पुढचे शब्दच आठवेनात. पायाखालची वाळू दर पावलाला सरकत होती. मध्यावर मागून जोराचा हिसका बसला. वळून पाहिलं तर काका दिसत नव्हते. फक्त लुगडं ताठ झालं होतं. "ओढ!" काकी ओरडली. आम्ही दोघींनी ओढलं. काकांचं डोकं वर आलं, चष्मा गेलेला, लुगड्याचं टोक मनगटाला दोन वेढे मारून धरलेलं. पुढून काशीराम म्हणत होता, "थांबू नका, थांबू नका."

काठावर आलो आणि वाळूवर बसलो. पाव तासात आमच्या डोळ्यांदेखत उंचवटा पाण्याखाली गेला. सुकेळ्यांची एक पुडी काही वेळ तरंगत होती, मग तीही दिसेनाशी झाली. मला काकांचा इतका संताप आला होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पण बघितलं, तर ते ओल्या कपड्यांत आत्याच्या पायाशी बसून, मोडलेला पाय दोन्ही हातांत धरून रडत होते. साठ वर्षांचा माणूस, हुंदके देऊन. आत्या म्हणाली, "पुरे आता. मोहर बघितला, समुद्रही जवळून बघितला. भूक लागली मला."

काशीरामच्या घरी जेवलो. पोळ्या शिळ्या होत्या. काकांना एकही गेली नाही.

त्या वर्षी काका पुन्हा फिरायला निघाले नाहीत. कोकीळ ओरडला तरी बाहेर आले नाहीत. वही कुठे गेली कुणी विचारलं नाही. आम्हाला वाटलं, सहल संपली.

पुढच्या वर्षी राखेचा बुधवार आला. मिस्सा संपल्यावर काका आमच्यासोबत घरी आले नाहीत. कपाळावरचा राखेचा क्रूस तसाच, ते सरळ काशीरामच्या अंगणात जाऊन उभे राहिले. काकी आणि मी मागोमाग गेलो. एवढ्या वर्षांत काकांनी कुणाला काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

"काशीराम," ते म्हणाले, "आज तिथी काय?"

काशीरामने आत जाऊन भिंतीवरचं पंचांग बघितलं. "प्रतिपदा, मार्सेलदादा. काल अमावास्या झाली."

काकीला राहवलं नाही. "म्हणजे यंदा तुमचं बरोबरच होतं की! एका दिवसाचा तर फरक."

"दहा वेळा असंच बरोबर आलं, रेजिना," काका म्हणाले. "दोनदा चुकलं, तेव्हा मी वाऱ्यावर ढकललं. म्हणून सेलिनला पाण्यात नेऊन बसवलं मी."

काकांनी मान खाली घातली होती. मागे कुंपणाशी काठीचा आवाज झाला. आत्या आमच्या मागून हळूहळू चालत तिथवर आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"काशीराम," ती म्हणाली, "दुसऱ्या रविवारी तू पण चल. आणि मार्सेल, टांगा किती वाजता सांगायचा?"