शिवणाच्या डब्यातली टेप

परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, बाबा आमच्या वाढदिवसाचा केक सगळ्यांना वाटतो, मग स्वतः का खात नाही?" मागून थोरल्याने परस्पर उत्तर दिलं, "त्याला फिट राहायचंय." तुमचा बाबा हसला आणि त्याने फोन खिडकीकडे वळवून मला बाहेरचा बर्फ दाखवला. मीही बर्फाचं कौतुक केलं. पण ते उत्तर पुरं नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि तुम्हालाही इंग्रजी सोपं जाईल. तरी यातली माणसं मराठीत बोलली होती, त्यांना तसंच राहू देते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. बाबाला नको.

आजोबांना तुम्ही फोटोत पाहता ते पोटासकट. ते पोट आपल्या घराण्यात चालत आलेलं. आजोबा ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. केसाइतका फरक असला तरी सुटा भाग परत पाठवणारा हा माणूस स्वतःचा पट्टा मात्र पोटाच्या खाली बांधायचा आणि म्हणायचा, "माझी कंबर वाढलेलीच नाही, पट्टा तोच आहे." तुमचा बाबा परदेशातून दर खेपेला आला की थोडा जास्त रुंद झालेला असे. आजोबा दारातच त्याच्या पोटावर थाप मारून म्हणत, "आता शोभतोस माझा मुलगा." मग रविवारी दोघं मिसळ खायला जात आणि येताना जिलबीचा पुडा आणत. मी रागवायचे. दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसायचे, शाळेतल्या मुलांसारखे.

मग एका वर्षी आजोबांचे पाय सुजू लागले. डोळे पिवळे दिसू लागले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की लिव्हर निकामी होत आलं आहे. आयुष्यात त्यांनी दारूचा थेंब घेतला नव्हता. डॉक्टर म्हणाले, नुसत्या चरबीनेही असं होतं. उपाय एकच होता. घरातल्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा वाढतं. माझं वय त्यात बसत नव्हतं आणि रक्तगटही जुळत नव्हता. तुमचा बाबा मिळेल त्या विमानाने आला. तुम्ही तेव्हा फार लहान होता आणि आईपाशी राहिला होता.

त्याचं रक्त जुळलं. आम्ही देवापाशी दिवा लावला. पण त्याची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं की त्याच्याही लिव्हरवर चरबी आहे. "हे असं घेता येणार नाही," ते म्हणाले. "पोट उतरवा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर काकांना टिकवायचं काम आमचं."

म्हणजे तुमच्या बाबाची कंबर वेळेत कमी झाली तर आजोबा वाचणार होते. इतकं सरळ होतं ते.

मला व्यवस्था लावता येते, तेवढंच येतं. मी साखरेचा डबा वरच्या फळीवर टाकला. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी नागलीची नाहीतर बाजरीची भाकरी, पालेभाजी, ताक, आणि अंधार पडायच्या आत मुगाचं कढण. भात बंद. बटाटा बंद. ऑफिसचं काम तो संध्याकाळनंतर इथूनच करी, तेव्हा त्याला भूक लागे, म्हणून मी काकडीच्या चकत्या झाकून ठेवायचे. सकाळी तो गंगापूर रोडने झपझप चालत सोमेश्वरापर्यंत जायचा. आजोबा हट्टाने रिक्षाने पुढे जायचे आणि देवळाबाहेरच्या बाकावर त्याची वाट बघत बसायचे. "मी नसलो तर अर्ध्यातून परत फिरेल तो," असं म्हणायचे.

माझ्या शिवणाच्या डब्यात पिवळी टेप होती. दर रविवारी मी त्या टेपने तुमच्या बाबाची कंबर मोजायचे. आजोबांच्या पोटात आता पाणी साठू लागलं होतं, म्हणून त्यांचंही पोट रोज मोजायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. एक टेप आणि दोन पोटं. एक उतरायला हवं होतं आणि दुसरं चढायला नको होतं. हातपाय काटकीसारखे झाले होते आजोबांचे, आणि पोट तेवढं ताणलेलं, चकचकीत. मी टेप धरली की ते म्हणायचे, "सैल धरतेस. आमच्या खात्यात असं माप घेतलं असतं तर विमानाच्या जागी बैलगाडी निघाली असती."

"तुम्ही श्वास सोडा आधी," मी म्हणायचे.

"सोडतो. एकदाच सोडायचाय ना?"

असले विनोद त्यांनाच सुचायचे. तुमचा बाबा उठून गॅलरीत जायचा.

पहिले काही आठवडे तुमच्या बाबाची कंबर भराभर उतरली. मग अडकली. भाकरी मीच मोजून वाढत होते, चालणं वाढलं होतं, घाम गाळून तो घरी येत होता, आणि टेप तिथल्या तिथे. आजोबांचा आकडा मात्र वर सरकत होता. एका सोमवारी मला राहवलं नाही. देवदर्शनाचं निमित्त करून मी त्यांच्या मागोमाग दुसऱ्या रिक्षाने सोमेश्वराला गेले.

आजोबा बाकावर पाठमोरे बसले होते. तुमचा बाबा चालत आला, त्यांच्यासमोर उभा राहिला. आजोबांनी मांडीवरचा पुडा सोडला. त्यात पेढे होते. तुमच्या बाबाने डाव्या हातावर उजवा हात ठेवला, आपण प्रसादाला धरतो तसा, आणि आजोबांनी एक पेढा ठेवला. मग दुसरा. ते तिथेच उभ्याने खाल्ले त्याने, हात डोक्याला पुसला आणि पुन्हा चालायला लागला. मी दर्शन न घेता परत आले.

दोघं घरी आल्यावर मी आजोबांना विचारलं, "अहो, पेढे कधीपासून?"

ते बराच वेळ वहाणा काढत बसले. मग म्हणाले, "देवाला दाखवलेले असतात. प्रसाद आहे."

"देवाला मध्ये घालू नका."

"मग कोणाला घालू?" ते म्हणाले. "मी नको म्हणून पाहिलं. तो ऐकत नाही. तू ऐकत नाहीस. त्याला दोन लहान लेकरं आहेत. माझ्यासाठी त्याच्या पोटावर सुरी फिरवायची? पोट उतरलं नाही तर डॉक्टरच नाही म्हणतील. कोणालाच वाईट वाटायला नको."

हा माणूस दर सकाळी सुजल्या पायांनी देवळापर्यंत जात होता तो वाचायचं नाही म्हणून. मी स्वयंपाकघरात गेले. तुमचा बाबा तिथे पाणी पीत उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. तो आजोबांना नाना म्हणायचा.

"आई, नाना प्रसाद म्हणून देतात. हात मागे कसा घेऊ? मी पुढे धबधब्यापर्यंत जाऊन येतो ना, तेवढा उतरवायला."

"उतरत नाहीये."

"माहितीये," तो म्हणाला.

आपल्या घरी प्रसाद कोणी नाकारत नाही. हे मीच त्याला शिकवलेलं. लहानपणी त्याला शिऱ्यातले बेदाणे आवडत नसत, तेव्हा डोळे वटारून खायला लावलेले. आता त्याच मुलाला "नको म्हण" असं कुठल्या तोंडाने सांगू? दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा निघताना त्यांच्या हातात फक्त एक छोटी पिशवी दिली. त्यात फुटाणे होते.

"हेही देवाला दाखवता येतात," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी हातात तोलली. म्हणाले, "तुला माझ्याशिवाय करमणार नाही म्हणतेस?"

"नाही करमणार."

चाळीस वर्षांत असलं काही मी त्यांना म्हटलं नव्हतं. आमच्या पिढीत म्हणत नसत. ते पिशवी घेऊन गेले.

त्या दिवशी तुमचा बाबा घरी आला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, आज नानांनी फुटाणे दिले." एवढंच. मग नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला. आजोबांनी आपला हट्ट सोडला होता. जगायला हो म्हटलं होतं त्यांनी, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

त्यानंतर कंबर उतरली. पँट सैल झाली, तेव्हा आजोबांनी कपाटातून स्वतःचा लग्नानंतरच्या दिवसांतला पट्टा काढून त्याला दिला. आजोबांना आता देवळापर्यंत जाववत नसे, तर घरच्या देवापुढे वाटी ठेवून मूठभर फुटाणे त्याच्या हातावर घालत. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. आता घेता येईल." शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. तुमचा बाबा वाळलेला, गाल आत गेलेला, पण इतका आनंदात मी त्याला कॉलेज सुटल्यापासून पाहिला नव्हता.

त्या दिवसाच्या आधीच आजोबांना ताप आला. पोटातल्या पाण्याला संसर्ग झाला होता. दवाखान्यात ठेवलं. तुमचा बाबा डॉक्टरांना सारखा एकच सांगत होता, "मी तयार आहे, मी तयार आहे." डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तापात शस्त्रक्रिया करता येत नाही. ताप उतरला नाही.

आपल्याकडे दिवस उरकल्यावर गोडाचं जेवण असतं. सुतक फिटलं, आता घराने पुन्हा गोड खावं, म्हणून मामाने भाच्याच्या पानात पहिला घास वाढायचा. माझे भाऊ श्रीखंडाचं पातेलं घेऊन तुमच्या बाबासमोर आले.

"घे रे, नाही म्हणू नये," ते म्हणाले.

त्याने पानावर हात आडवा धरला. कुणीतरी म्हणालं, "अरे, आता कशाला पथ्य?" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तुमच्या बाबाने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, फुटाणे आहेत का गं?"

होते. देवापुढच्या वाटीत अजून थोडे होते. मी त्यातले त्याच्या हातावर घातले, आणि त्याने ते एकेक करून, सगळ्यांदेखत, सावकाश खाल्ले. माझ्या भावांनी पातेलं खाली ठेवलं. कोणी आग्रह केला नाही.

टेप अजून त्याच डब्यात आहे. ब्लाउज शिवताना लागते, तेव्हा काढते.

बाबा केक का खात नाही, ते आता तुम्हाला कळलं. त्याला हे वाचलंय म्हणून सांगायची गरज नाही. तो जुना पट्टा लावून संध्याकाळी चालायला निघाला की कधी कधी तुम्हीही बरोबर जा. यंदाच्या पार्सलमध्ये भडंगाखाली फुटाण्याची पिशवी ठेवली आहे. खिशातून काढून तो तुम्हाला देईल. तुम्हाला ते आवडत नाहीत, मला माहीत आहे. तरी हात पुढे करा, डाव्यावर उजवा ठेवून.