हँकला कोण सांगणार?

मेश्रामकाकांच्या बेसमेंटमध्ये खुर्च्या चार आणि बसणारी माणसं तीन. पहिल्यांदा गेले तेव्हा मी साहजिकच मोकळी दिसली त्या खुर्चीकडे वळले, तर काका केवढ्यांदा ओरडले, "ए बाप्पा, तिथं नको! तिथं हँक बसला आहे." मी दचकून मागे पाहिलं. खुर्चीत कोणी नव्हतं. मनात म्हटलं, झालं, एवढ्या लांब अमेरिकेत येऊन एक मराठी घर सापडलं तर तेही असलं!

हँक म्हणजे आमच्या शहराच्या बेसबॉल टीमचा कॅचर, आपल्या भाषेत विकेटकीपर. काकांच्या घरी तो कधी आला नव्हता, काकांना ओळखतही नव्हता. पण काकांचा एक नियम होता. थंडीत सीझन संपला की टीमनं कोणाला ठेवावं आणि कोणाला काढावं यावर खुशाल भांडा. मात्र ज्याला काढा म्हणता तो त्या खुर्चीत बसलाय असं समजून, त्याचं नाव घेऊन, त्याच्या तोंडावर सांगायचं. 'त्याला काढून टाका' म्हणायची सोय नव्हती. 'हँक, मी तुला काढते' असंच म्हणावं लागायचं, आणि का ते पण त्यालाच सांगायचं.

नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. मी मूळची सांगलीची. एम. एस. करून नदीकाठच्या त्या जुन्या कारखान्यांच्या शहरात एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये लागले होते. काका लॅबचे मुख्य. नागपूरचे, वीसेक वर्षं अमेरिकेत काढलेले, पण बोलणं अजून नागपुरातून हललेलं नाही. सोमवार ते शुक्रवार ते माझे डॉक्टर मेश्राम, आणि शनिवारी सकाळी काका. लॅबमध्ये मराठीचा एक शब्द काढायचे नाहीत. मी एकदा सवयीनं 'काका' म्हटलं तर चष्म्यावरून असे पाहिले की पुढे महिनाभर मी नुसतं 'एक्सक्यूज मी' म्हणून हाक मारत होते.

शनिवारच्या बैठकीतला तिसरा माणूस रे. तो आमच्याच लॅबमधला, साठीला टेकलेला, बायको वारलेली, पेन्शनला थोडाच अवकाश राहिलेला. कामात तसा यथातथाच. हळू, विसराळू, आणि दिवसभर नाकातल्या नाकात गुणगुणणारा. मेश्रामकाकू शनिवारी तर्री पोहे करायच्या. रे तर्री ओरपायचा, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि तो आणखी मागायचा. काकू म्हणायच्या, "याचं काही खरं नाही. एक दिवस माझ्याच किचनमध्ये जाईल हा!"

मला बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. मी गेले पोह्यांसाठी आणि अडकले भांडणासाठी. मी भांडखोर आहे, हे घरचेही सांगतील. आमची टीम गरीब. एखादा मुलगा आमच्याकडे शिकून तयार झाला की मोठ्या शहराची श्रीमंत टीम त्याला उचलून नेणार, आणि आम्ही पुन्हा नवा मुलगा शोधणार. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, जिंकणारी एखादी टीम धरा ना. या रडक्या टीमच्या मागे का लागलात?" काका म्हणाले, "श्रीमंतांच्या टीममध्ये काय पाहायचं आहे? त्यांच्याजवळ सगळंच आहे, त्यांना विचार करावाच लागत नाही. आपल्या टीमला एक घ्यायचा तर एक सोडावा लागते. माणसाची खरी परीक्षा तिथं आहे."

त्या हिवाळ्यात वाद हँकचा होता. वय सदतीस, गुडघे गेलेले. त्याच्या जागी लुईस नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा तयार होता, आणि दोघांना ठेवणं टीमला परवडत नव्हतं. रे सगळ्यात निर्दयी. म्हातारा खेळाडू दिसला की याचं एकच, "काढा!" काकांनी त्याला खुर्चीसमोर बसवलं. रे घसा खाकरून म्हणाला, "हँक, दोस्ता, तुझे गुडघे माझ्या गॅरेजच्या दारासारखे वाजतात..." आणि त्यानं बशी पुढे ओढली. शेवटी म्हणाला, "आधी पोहे संपवू द्या."

मग मी बसले. मला काय! मी चांगली तोंड वर करून म्हटलं, "हँक, तू मोठा खेळाडू होतास. होतास. आता लुईस तुझ्याहून चांगला आहे. टीम गरीब आहे, तिनं चांगल्यालाच ठेवायला हवं. म्हणून मी तुला काढते." रेनं टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "बरोबर बोलली. आता तो विचारून राहिला, मी कुठं जाऊ? सांग त्याला."

"ते मी कसं सांगू? ते त्याचं त्यानं बघावं."

"असं नाही जमत न बाप्पा! लुईसला उद्या दहा टीम घेतील. त्याला दुसऱ्या टीमला दे, बदल्यात दोन पोरं घे, आणि हँकला आणखी दोन वर्षं खेळू दे. ज्याला दुसरीकडे जागा आहे तो जाईन. ज्याला नाही तो राहीन."

"काका, अशानं टीम शेवटच्या नंबरावर जाईल!"

"आत्ता कितव्यावर आहे?" जिन्यावरून काकूंनी विचारलं. टीम तेव्हा शेवटूनच दुसरी होती.

टीमनं अर्थात माझंच ऐकलं. हँकला सोडलं, आणि पेपरात आलं की ही बातमी त्यानं गाडी चालवताना रेडिओवर ऐकली. काका त्या दिवशी लॅबमध्ये नियम मोडून माझ्याशी मराठीत बोलले. "रेडिओवर! एवढी वर्षं खेळला टीमसाठी, आणि एका माणसाची छाती झाली नाही तोंडावर सांगायची!" काढलं याच्यापेक्षा सांगितलं नाही याचाच त्यांना जास्त राग होता. आता, लुईस पुढच्या सीझनला झकास खेळला हेही सांगून ठेवते. त्या वादात माझंच बरोबर होतं आणि ते मी आजही कोणाशीही भांडून सिद्ध करीन.

डिसेंबरात आमच्या कंपनीला दुसऱ्या कंपनीनं विकत घेतलं आणि प्रत्येक विभागातून माणसं कमी करायचं फर्मान निघालं. आमच्या लॅबमधून एक. कोण, ते काकांनी ठरवायचं. बाकीच्यांची कामं वेगळी होती. प्रश्न होता तो फक्त रे आणि मी यांच्यातला. माझा व्हिसा नोकरीवर टांगलेला. नोकरी गेली की गाशा गुंडाळून सांगलीला परत. बाबा शाळामास्तर, सगळ्या गावाला सांगून बसलेले की मुलगी अमेरिकेत संशोधन करते. पण खरं सांगू, मला काळजी नव्हती. काम माझं रेपेक्षा कितीतरी चांगलं होतं. आणि तासाभरावरच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तर सगळ्या बायकांनी मला हसण्यावारीच नेलं. "तुला कसली भीती गं? वर आपला माणूस बसलाय!" त्यातल्याच दोघींनी एरवी मला खालच्या आवाजात विचारलं होतं, "मेश्राम म्हणजे ते नागपूरचे... तुझं जाणंयेणं आहे त्यांच्याकडे?" गरज पडली तेव्हा ते सगळ्यांचे 'आपले' झाले.

रे मात्र मनातून समजून चुकला होता. त्याचं गुणगुणणं बंद झालं. शनिवारी पोहे तसेच ठेवून गेला.

मंगळवारी काकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, स्वतःची खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, "वर्षा, मी तुला काढून राहिलो."

मला वाटलं, थट्टा आहे. मग त्यांचा चेहरा पाहिला.

"माझं काम रेपेक्षा चांगलं आहे," मी म्हटलं.

"आहे. फार चांगलं आहे."

"मग?"

"तुला दुसरीकडे भेटते. त्याला या वयात कोणी दारात उभं करणार नाही. वरच्यांनी तुझं नाव नाही दिलं, त्यांनी तर रेचं दिलं होतं. तुझं नाव मी दिलं. राग धरायचा तर माझ्यावर धर."

मी रडले, ओरडले, काय वाट्टेल ते बोलले. माझ्या व्हिसाचं काय, बाबांना काय सांगू, हा बेसबॉल आहे का! आणि शेवटी जे बोलायला नको ते तोंडातून गेलं, "निदान आपला माणूस म्हणून तरी..."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "एम. एस्सी.ला मी पहिला आलो होतो. नागपूरला एका कॉलेजात इंटरव्ह्यू दिला. दिवसभर बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. संध्याकाळी चपराशी आला. म्हणे, जा तुम्ही आता, साहेबांनी आपला माणूस घेतला. साहेब आत चहा पिऊन राहिले होते, मला दारातून दिसत होते. तुझ्याच आडनावाचे होते. तुझा काही दोष नाही त्याच्यात. पण 'आपला माणूस' हा शब्द माझ्यासमोर नको म्हणू बेटा. तो मला लागते."

मी उठून बाहेर आले. मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही, हेही खरं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. त्यांच्यावर अन्याय झाला, तर त्याची भरपाई माझ्याकडून का?

शनिवारी मी गेले नाही. पण घरात काय चाललंय ते काकूंच्या फोनवरून कळायचं. "मी बोलत नाही त्यांच्याशी. पोरीला काढलं म्हणजे काय? भाजी टेबलावर आपटते आणि निघून येते." काका मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत दार लावून फोनवर असायचे. जुने विद्यार्थी, कॉन्फरन्समध्ये भेटलेले लोक, रंगाशी संबंध असलेला एकही माणूस त्यांनी सोडला नसेल. वरच्यांशी भांडून माझी तारीख पुढे ढकलून घेतली. नवी जागा ठरेपर्यंत मला हलवायचं नाही, असं त्यांना बजावलं. जानेवारीत म्हणाले, "न्यू जर्सीत एडिसनला एक छोटी कंपनी आहे, छपाईच्या शाया बनवते. तुला भेटायला बोलावलं आहे. मी ड्राइव्ह करतो."

मी नको म्हटलं. ते गाडी घेऊन दारात हजर. डोंगरातल्या रस्त्यावर बर्फ पडत होता, वायपर कुरकुरत होते आणि न्यू जर्सी येईपर्यंत मी त्यांच्याशी चार वाक्यं बोलले असेन. आत इंटरव्ह्यू चालू असताना ते बाहेर पार्किंगमध्ये कोट गुंडाळून बसले होते. आतल्या साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, "तुमचे बॉस फोनवर म्हणाले, मी माझ्या लॅबमधली सगळ्यात चांगली व्यक्ती तुम्हाला देतोय, कारण फक्त तिलाच मी देऊ शकतो. असं बोलणारा माणूस मी पाहिला नाही." मग त्यांनी तासभर मला घासून काढलं, आणि शेवटी म्हणाले, या. व्हिसाचे कागद आम्ही करतो.

बाहेर येऊन मी सांगितलं तर काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटून बसले. तिथल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर आम्ही डोसा खाल्ला. तिथं त्यांनी मला विचारलं, "मी चुकलो का?"

"हो," मी म्हटलं. "चुकलात. मला अजूनही तसंच वाटतं."

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही. सांबार संपवलं, आणि म्हणाले, "बाबांना सांगितलं तू?"

नव्हतं सांगितलं. दीड महिना मी रविवारच्या फोनवर 'सगळं मजेत' म्हणत होते. काका उठले. कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनचं कार्ड घेऊन आले आणि बाहेरच्या फोनपाशी जाऊन म्हणाले, "नंबर लाव."

"काका, आता कशाला? आता तर मिळाली ना नोकरी. त्यांना कळायचीसुद्धा गरज नाही."

"त्यांच्या पोरीला मी काढलं आहे. ते त्यांना कुठून तरी कळेल, ते मला नाही चालत. लाव नंबर."

संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणजे सांगलीत पहाट. बाबा उठलेलेच असणार. मी नंबर लावला, बाबांचा 'हॅलो' ऐकला आणि रिसीव्हर काकांकडे दिला. बर्फात उभे राहून, टोपी काढून हातात धरून, काका कधी न पाहिलेल्या माणसाशी बोलू लागले. "नमस्कार गुरुजी, मी मेश्राम. वर्षाचा साहेब. तुमच्या मुलीला मी नोकरीवरून काढलं. तिची काही चूक नव्हती. माझ्याजवळ एकच जागा होती, ती मी एका म्हाताऱ्या माणसाला दिली. तिला गाडीनं लांब घेऊन आलो, आज दुसरी नोकरी भेटली, पण काढलं मीच. तुम्हाला काही बोलायचं असेल तर मला बोला."

मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. काकांनी टोपी डोळ्यांपर्यंत ओढून घातली, आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन ते तोंड फिरवून उभे राहिले.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तोवर आम्ही हँकवरून फोनवर भांडतच राहिलो, आणि ते कधीही मागे हटले नाहीत. पण मला ते आठवतात ते तसेच, दुकानांच्या उजेडात माझ्याकडे पाठ करून उभे.

मी घाबरून रिसीव्हर कानाला लावला. "बाबा, काय बोललात तुम्ही त्यांना?"

"काही नाही गं," बाबा म्हणाले. "एवढ्या लांबून तुला घेऊन आले म्हणतात. मी विचारलं, तुम्ही जेवलात का?"