न पुसलेले तीन थेंब

इंद्रायणी औटी आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होत्या. कॉलेज जुन्नर तालुक्यातलं, आणि मी पिंपळवंडीहून एसटीने तिथे बी.एस्सी.ला जायचे. आम्ही सगळ्या मुली त्यांना मावशी म्हणत असू.

त्यांचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं पारगाव. दहावीला शाळेत दुसरा नंबर आला तेव्हा त्यांना सायन्सला जायचं होतं. पण सायन्सचं कॉलेज लांब, रोज जायचं-यायचं कसं, म्हणून वडिलांनी विषय संपवला आणि पुढच्या वर्षी राजुरीच्या औटींच्या घरात लग्न करून दिलं. नवरा भरत कांदा-टोमॅटो करायचा, माणूस शांत. १९९३ साली कॉलेजात सायन्स सुरू झालं आणि परिचराची जागा निघाली, तेव्हा त्यानेच अर्ज आणून दिला. अशा रीतीने मावशी सायन्सला आल्या, पण बाकाच्या पलीकडच्या बाजूने. बाटल्या धुणं, द्रावणं मांडणं, कपाटांच्या किल्ल्या सांभाळणं, हे त्यांचं काम.

त्या कामात त्या तरबेज होत्या. लेबल गळून पडलेली बाटली असली की त्या झाकण थोडं सैल करून लांबूनच हाताने हवा नाकाकडे ढकलायच्या आणि सांगायच्या, हे असिटोन, हे इथर, हा अमोनिया जुना झालाय. विभागप्रमुख डुंबरे सर कौतुकाने म्हणायचे की मावशींचं नाक हेच आमचं एक उपकरण आहे. बारा वर्षं त्या विभागातली प्रत्येक किल्ली मावशींच्या कमरेला होती.

२००५ च्या जूनमध्ये डुंबरे सरांना एक संशोधन प्रकल्प मिळाला आणि त्यासाठी अफिफा आली. तेवीस वर्षांची, नुकतीच एम.एस्सी. झालेली. वडील सलीमभाई जुन्नरच्या पेठेत वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगचं काम करायचे. पारगावच्या मुलीला जे मिळालं नव्हतं ते बाइंडिंगवाल्याच्या मुलीला मिळालं होतं, आणि पहिल्या दिवसापासून मावशींना ते दिसत होतं. हे मला त्यांनीच पुढे सांगितलं. तेव्हा आम्हाला एवढंच कळायचं की अफिफाताई आल्यापासून मावशी गप्प असतात.

प्रकल्पासाठी एक नवं रसायन आलं. आयनिक द्रव म्हणतात त्या जातीचं. म्हणजे मिठासारखाच क्षार, पण खोलीतल्या तापमानालाही पातळ राहणारा. नाव हातभर लांब, म्हणून अफिफाताई त्याला नुसतं बीमिम म्हणायची. फिकट पिवळं, मधापेक्षा जरा पातळ. ते आलं त्या दिवशी सरांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना आणि आम्हा तिसऱ्या वर्षाच्या मुलींना बोलावलं, आणि अफिफाताईने सोबत आलेला इंग्रजी माहितीकागद मराठीत समजावून सांगितला. हे कातडीला आणि डोळ्याला झोंबतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावायचा नाही. हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून बाटली घट्ट बंद करून डेसिकेटरमध्येच ठेवायची. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं झाकणाचं भांडं, ज्याच्या तळाशी ओल शोषणारे निळे खडे असतात. बेसिनमध्ये ओतायचं नाही, उरलंसुरलं वेगळ्या बाटलीत जमा करायचं. सांडलं तर लगेच कागदाने टिपून घ्यायचं, कारण ते आपोआप वाळत नाही. डोळ्यात गेलं तर नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं, एक मिनिटही कमी नाही.

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. सर हसून म्हणाले, मावशी, याचा वास घेऊन ठेवा. अफिफाताई पटकन म्हणाली, "नाही सर, याला वासच नाही. हे उडतच नाही हवेत. म्हणून तर जास्त जपायचं."

तिच्या मनात काही नव्हतं. पण बारा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत अशी बाटली आली होती, जिच्यापुढे मावशींचं नाक कामाचं नव्हतं. आणि ती बाटली ज्या कपाटात ठेवली त्याची किल्ली सरांनी मावशींना न देता अफिफाताईला दिली.

त्या दिवसापासून मावशींचा डोळा त्या पोरीवरून हलेना. ती सरांशी कशी बोलते, वहीत कसं भराभर लिहिते, डबा खाताना पुस्तक कसं उघडं ठेवते. पावसाळी हवेने डेसिकेटरमधले खडे गुलाबी पडले की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करायचं काम खरं तर मावशींचं, पण अफिफाताई ते स्वतःच करायची. तिला वाटायचं आपण मावशींचं काम हलकं करतोय. मावशींना वाटायचं आपल्या हातातलं एकेक काढून घेतायत. घरी गेल्यावर त्या नवऱ्याला तिच्या चुका सांगायच्या, आणि चुका सापडायच्या नाहीत म्हणून जास्त चिडायच्या. भरतकाका एकदा म्हणाले, चांगली पोरगी दिसतीये की. त्या रात्री मावशी जेवल्या नाहीत.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी ती चूक सापडली.

दुपारी अफिफाताई वजनकाट्याच्या खोलीत बीमिम मोजून घेत होती. तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला की घरून फोन आहे, आजी बिबिजान न्हाणीत पडल्यात. तिने बाटली बंद केली, डेसिकेटरमध्ये ठेवली, कपाटाला कुलूप लावलं, सगळं नीट केलं आणि धावत निघाली. पण ड्रॉपरमधून काट्यासमोरच्या कडप्प्यावर तीन थेंब पडले होते, ते तिने पाहिलेच नाहीत.

मावशींनी पाहिले. चार वाजता खिडक्या लावायला त्या आत आल्या तेव्हा तिरप्या उजेडात ते तीन थेंब चमकले. दुसरं काहीही असतं तर त्यांनी विचार न करता पुसलं असतं. त्यांनी टिपकागद उचललाही. मग खाली ठेवला. सोमवारी सकाळी सगळ्यात आधी डुंबरे सरच त्या खोलीत जायचे. हे वाळायचं नाही, उडायचं नाही, असं तीच म्हणाली होती. सरांनाच दिसू दे. मावशींनी खोलीचं दार ओढून घेतलं आणि राजुरीची गाडी पकडली.

"आरती, तुला खोटं सांगत न्हाई," त्या पुढे मला म्हणाल्या, "त्या दिवशी गाडीत मला लई बरं वाटत व्हतं. लई दिवसांनी."

सोमवारी सरांना प्राचार्यांनी सकाळीच बोलावून घेतलं. मावशी कोठारात काचसामान मोजत होत्या. वजनकाट्याच्या खोलीत पहिली गेले ती मी. रविवारभराची ओल ओढून थेंब पसरले होते. मला वाटलं कुणीतरी पाणी सांडलंय. मी ते तळहाताने बाजूला सारलं, हात ओढणीला पुसला आणि कामाला लागले. थोड्या वेळाने केस डोळ्यावर आला, तो मी त्याच हाताने मागे सारला आणि डोळा चोळला.

तिखटाचा हात लागावा तसं झालं, पण थांबेना. मी ओरडले असणार. मावशी कुठून आल्या मला कळलं नाही. त्यांनी माझा हात पाहिला, कडप्प्याकडे पाहिलं, आणि एक शब्द न विचारता मला दंडाला धरून बेसिनपाशी नेलं. नळ बारीक धारेवर सोडला, आधी स्वतःचे आणि माझे हात धुतले, मग माझं डोकं आडवं धरून दोन बोटांनी पापण्या उघड्या ठेवल्या. मी सुटायला धडपडत होते. पाच-सात मिनिटांनी मी म्हटलं, आता बरं वाटतंय, सोडा. त्यांनी सोडलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांनी पुरी पंधरा मिनिटं माझा डोळा धुतला. त्या जूनमध्ये भिंतीला टेकून उभ्या असताना त्यांनी सगळं ऐकलं होतं, एकूण एक शब्द.

नंतर डुंबरे सरांनी मला गाडीवरून नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. अफिफाताई माहितीकागदाची प्रत घेऊन मागच्या एसटीने आली. डॉक्टरांनी कागद वाचला, डोळा तपासला आणि सांगितलं की बुबुळाला वरवर इजा आहे, आठवड्यात भरेल. धुतला नसता तर अवघड होतं. तळहात मात्र दहा-बारा दिवस लाल राहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी विभागात सगळ्यांना विचारलं. कुणी काही बोलायच्या आत अफिफाताई उभी राहिली. "शनिवारी माझ्याशिवाय ती बाटली कुणी उघडली नाही. थेंब माझ्याच हातून सांडलेत. जाताना मी टेबल बघितलं नाही. चूक माझीच आहे." आजीचं नावही तिने काढलं नाही. सरांनी तिच्याकडून कपाटाची किल्ली घेतली आणि मावशींच्या हातात दिली.

मावशींना जे हवं होतं ते मिळालं होतं.

पुढचे वीस दिवस ती किल्ली त्यांच्या कमरेला होती. रोज सकाळी अफिफाताई यायची, मावशी, किल्ली द्याल का, म्हणून विचारायची. संध्याकाळी बाटली परत ठेवायची, आणि मग कडप्पा पुसायची. एकदा पुसून झाला की पुन्हा, मग खुर्चीची पाठ, मग दाराची कडी. मावशी दारात उभ्या राहून बघायच्या. आता कशाचा हेवा करायचा, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण हेवा वाढलाच. सगळ्यांसमोर उभं राहून चूक माझीच आहे, असं म्हणणं या पोरीला जमलं होतं. आपल्याला ते या जन्मात जमणार नाही, हे मावशींना कळत होतं आणि तेच सहन होत नव्हतं.

एका रविवारी त्या पिंपळवंडीला आमच्या घरी आल्या. आई ओट्यावर शेंगा फोडत होती. मावशी तिच्यासमोर बसल्या आणि त्या शनिवारपासूनचं सगळं सांगितलं. टिपकागद उचलून खाली ठेवला, तेसुद्धा. आईचे हात थांबले. ती म्हणाली, "माझ्या लेकीचा डोळा गेला असता बाई."

"गेला असता," मावशी म्हणाल्या. "म्हणून आदी तुमच्याकडं आले."

आईने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या उठल्या तेव्हा मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. माझा डोळा पूर्ण बरा झाला होता आणि मला त्यांच्यावर रागवावं की काय करावं ते कळत नव्हतं.

सोमवारी त्यांनी सरांना सांगितलं, अफिफाताईसमोरच. सरांनी लेखी ताकीद दिली आणि त्यांना वर्षभरासाठी वनस्पतीशास्त्रात पाठवलं. अफिफाताई फक्त एवढंच म्हणाली की पुसणं माझंच काम होतं, पण तुम्ही मला एक हाक मारली असती तर मी परत आले असते. त्यानंतर ती त्यांना मावशी म्हणेनाशी झाली. इंद्रायणीबाई म्हणायची. कुंड्यांना पाणी घालताना मावशींना म्हणे तो शब्दच सारखा ऐकू यायचा.

२००७ मध्ये अफिफाताई पीएच.डी.साठी पुण्याला गेली. मावशी तोवर रसायनशास्त्रात परत आल्या होत्या. बीमिमचं कपाट आता दोघांच्या सहीशिवाय उघडत नव्हतं. आणि रोज चार वाजता मावशी दिवे बंद करून खिडकीच्या तिरप्या उजेडात प्रत्येक टेबलावरून नजर फिरवायच्या. मी एम.एस्सी. करून २००८ मध्ये त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले, तेव्हा मलाही त्यांनी हे करायला लावलं.

पीएच.डी. करता करता अफिफाताई पुण्याच्या एका कॉलेजात शिकवूही लागली होती, आणि पुढच्या वर्षी ती आमच्याकडे बहिःस्थ परीक्षक म्हणून आली. परीक्षा संपल्यावर मुलं गेली आणि आम्ही तिघीच प्रयोगशाळेत राहिलो. मावशी ब्युरेट, म्हणजे मापाच्या लांब काचनळ्या, धूत होत्या. पाठ आमच्याकडेच ठेवून त्या म्हणाल्या, "मला तुझा लई हेवा वाटायचा. आजबी वाटतो. सकाळी तू गाडीतून उतरलीस तवा वाटला."

अफिफाताईने हातातली गुणपत्रिका खाली ठेवली. "मला वाटायचं, मी मुसलमानाची म्हणून तुम्हाला आवडत नाही. घरी अम्मीला मी तसंच सांगितलं होतं."

मावशी वळल्या. ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. "न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तसलं काय न्हाई. तू शिकलीस म्हणून. मला शिकायचं व्हतं."

अफिफाताई उठली. तिने बाही वर केली, मावशींच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि उरलेल्या ब्युरेट धुवायला घेतल्या. चारची एसटी चुकली तरी तिने सगळ्या धुऊन संपवल्या.