काशीला सोडलेलं ताक

माझे सासरे टेंभुर्णीतले मोठे करारी गृहस्थ. पोटच्या मुलांना ते 'ए' म्हणून हाक मारत आणि कुत्र्याला 'बाळा'. हा बाळा त्यांच्या ताटाशेजारी जेवायचा. आधी सासऱ्यांनी घास खायचा, मगच तो तोंड लावायचा. एवढे लाड माझे, नव्या सुनेचेही, झाले नव्हते.

नव्वद-एक्याण्णव साल असेल. एका लग्नाच्या पंगतीत बाळानं बुंदी हाणली आणि त्याचं पोट बिघडलं. औषधं झाली, जुलाब काही थांबेनात. आठवड्यात त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. सासरे त्याच्याजवळ ओट्यावर बसून राहत, स्वतःही धड जेवत नसत. मला त्यांची फार दया यायची.

शेवटी जाफराबादहून जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, पोटात चांगलेही जंतू असतात, ते मेलेत. ताजं ताक पाजा, म्हणजे नवे येतील. जंतू मारायला बोलावलेला माणूस जंतूच पाजायला सांगतोय म्हणून सासरे त्यांच्यावर भयंकर चिडले.

खरी पंचाईत वेगळीच होती. दहा वर्षांपूर्वी सासरे काशीला गेले, तेव्हा रिवाजाप्रमाणे आवडीची एक वस्तू कायमची सोडून आले होते. ती वस्तू म्हणजे ताक. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ताक सोडणं म्हणजे खायचं काम नाही, म्हणून गाव त्यांना मानायचं. तेव्हापासून घरात ताक नव्हतंच.

मी शेजारून तांब्याभर आणलं. बाळा शिवेना. नवऱ्यानं तर वाटी चाटून दाखवली, तरी त्यानं मान फिरवली. सगळ्यांनी सासऱ्यांकडं पाहिलं. सासूबाई घाबरून म्हणाल्या, भटजींना विचारू, काही प्रायश्चित्त असेल तर घेऊ, पण असं एकदम नेम मोडू नका.

सासऱ्यांनी बाळाच्या खपाटीला गेलेल्या पोटावरून हात फिरवला.

"भटजी कशाला?" ते म्हणाले. "मला ताक कधी आवडलंच न्हाई. म्हून तर तेच सोडलं."

आणि नाक दाबून त्यांनी अर्धी वाटी घशाखाली घातली. उरलेली बाळानं लख्ख केली. मला हसू फुटत होतं, पण सासूबाईंचं तोंड पाहून मी पदर तोंडाला लावला. कढी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नवऱ्याच्या नेमाला बाधा नको म्हणून दहा वर्षांत त्यांनी ती एकदाही केली नव्हती.

"कुत्र्यासाठी आठ दिवसांत खरं बोललात," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्यासाठी धा वर्षांत न्हाई बोललात."

बाळा चार-पाच दिवसांत गल्लीभर हिंडायला लागला. सासूबाईंनी मात्र त्याच संध्याकाळी पातेलंभर कढी केली, सासऱ्यांच्या ताटात तीनदा वाढली आणि शेवटचा भुरका होईपर्यंत समोरून उठल्या नाहीत.