यादवचं रक्त

मैना भोये तोंडाची फटकळ आहे, असं मेडिसिन विभागात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचं मत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण ती फटकळ का, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. नाशिकबाहेरच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात ती फिल्ड वर्कर होती. विभागाची जीप पेठच्या बाजूला डोंगरात निघाली की पुढे बसून रस्ता दाखवायचा, पाड्यापाड्यावर माणसं गोळा करायची, डॉक्टर काय म्हणतात ते माणसांना त्यांच्या बोलीत सांगायचं आणि माणसं काय म्हणतात ते डॉक्टरांना कळेलशा मराठीत सांगायचं, हे तिचं काम. ती स्वतः त्याच डोंगरातली, जांभूळमाळ नावाच्या पाड्यावरची. आश्रमशाळेत दहावी झाली, निवृत्तीशी लग्न लागलं, तो सातपूरला कारखान्यात पाळीवर, म्हणून तीही सातपूरला आली. पाड्यावर थोरला भाऊ रावजी, त्याची बायको आणि त्यांची एकुलती एक ललिता. मैनाला मूलबाळ नव्हतं. जीव होता तो सगळा ललितावर.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास विभागप्रमुख डॉ. खेडलेकर यांनी सिकलसेलवर संशोधन हाती घेतलं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, डोळे पिवळे पडतात आणि साधा तापसुद्धा जिवावर बेततो, असा हा आजार. आईबापांकडून येतो आणि डोंगरातल्या घरांत बराच आढळतो. सर हुशार होते, त्याबद्दल वाद नाही. पाड्यातल्या प्रत्येक माणसाचं रक्त तपासायचं, जिथे रुग्ण सापडतील तिथे दर महिन्याला औषधांची जीप पाठवायची, असा त्यांचा बेत. मैनाला तो फार पटला. ललिता लहानपणापासून हातपाय ठणकतात म्हणून रडायची, आणि भगताच्या अंगाऱ्याने ते काही थांबत नव्हतं.

जांभूळमाळची पाळी भात कापून झाल्यावर आली. रक्त काढणार म्हटल्यावर माणसं बिचकली होती. मैना आधी जाऊन घरोघर बसली, समजावलं, शब्द दिला, तेव्हा कुठे माणसं तयार झाली. आणि ज्या दिवशी तिने रक्ताच्या टेबलापाशी असायला हवं होतं, नेमकं त्या दिवशी सरांनी तिला चुलीपाशी बसवलं. बरोबर आलेल्या शिकाऊ डॉक्टरांना गावरान कोंबडी खायची होती. मैनाबाईंच्या हातची चव काही औरच, असं सर सगळ्यांसमोर कौतुकाने म्हणाले. त्या सबंध टोळीत पाड्यातली माणसं चेहऱ्याने ओळखणारी ती एकटी, आणि ती रावजीच्या घरामागे धुरात डोळे चोळत कांदे चिरत बसली होती. राग तिला तेव्हाच यायला हवा होता. पण कौतुकाला भुलायचं वय तिचंही सरलं नव्हतं.

शाळेच्या पडवीत इकडे काय चाललं होतं ते ऐका. पहिल्या टेबलावर घरचा कर्ता माणूस घरातल्यांची नावं सांगे. त्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या काचेच्या नळ्या त्याच्या हातात पडत. त्या घेऊन घरच्यांनी दुसऱ्या टेबलावर जायचं आणि हात पुढे करायचा. दुसऱ्या टेबलावरच्या शिकाऊ पोरांचं अर्धं लक्ष रश्शाच्या वासाकडे. नळी आली की सुई टोचायची, नळी भरायची, पुढचा. नळीवर बाईचं नाव आहे की लेकराचं, हे बघायला कुणाला सवड होती?

आता जांभूळमाळची रीतही सांगायला हवी, नाहीतर माणसांना उगाच दोष लागेल. तिथे आवणीला, म्हणजे भात लावायच्या दिवसांत, एकेका घराचं वावर सगळे मिळून उरकतात. कुणाकडे आजारी माणूस असेल, बाळंतीण असेल, तर त्याच्या वाटचं काम दांडगा गडी करून टाकतो. त्याचे कुणी आभार मानत नाही आणि कुणी उपकारही ठेवत नाही. रक्त देणं हेही पाड्यावर चालून आलेलं एक कामच. मग हाडाची काडं झालेल्या ललिताला कशाला टोचायचं, यादव होता ना. यादव म्हणजे पाड्यातला सगळ्यात धडधाकट माणूस, भाताचं पोतं एकट्याने पाठीवर घेणारा. त्याने बाही वर केली. त्याचे दोघे भाऊ पुढे आले. ललिताची नळी यादवने भरली, शेजारच्या कुसाबाईच्या आजारी नातवाची यादवच्या धाकट्या भावाने. पाड्यात जितकी म्हणून दुखणाईत माणसं होती, तेवढ्यांचंच रक्त त्या दिवशी निघालं नाही. दुपारी सगळे पोटभर जेवले आणि मैनाचं काम आपण नीट पार पाडलं म्हणून पाडा खूश झाला.

निकाल आला. जांभूळमाळात सिकलसेलचा रुग्ण एकही नाही. विभागाने साऱ्या भागाचा मोठा नकाशा छापला, आजारी पाडे लाल, निरोगी पाडे हिरवे, आणि तो तिकडच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात भिंतीवर लागला. चहूबाजूंनी लाल ठिपके आणि मधोमध जांभूळमाळ हिरवंगार. सरांचा शोधनिबंध परदेशातल्या मासिकात आला, तोही त्या हिरव्या ठिपक्याच्या जोरावर. आजूबाजूचे पाडे आजारी असताना हा एकच कसा वाचला, यावर मोठमोठ्या डॉक्टरांनी डोकी लावली. सरांना पुरस्कार जाहीर झाला. मैनानेही मनाशी म्हटलं, बरं झालं, ललिताचं दुखणं दुसरं काहीतरी किरकोळ असेल.

त्यानंतरच्या दिवाळीत ती माहेरी गेली. ललिता ओटीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, डोळे हळदीसारखे. एव्हाना लाल पाड्यांवर हिंडून मैनाने असे डोळे पुष्कळ पाहिले होते. तिने रावजीला विचारलं, त्या दिवशी हिचं रक्त तुझ्यासमोर काढलं ना.

“हिचं रगत कुठं काढलं?” रावजी हसून म्हणाला. “लय बारीक हात हिचा. यादवनं दिलं ना तिच्या वाटचं.”

मैनाच्या हातात फराळाची परात होती, ती तिने आपटली. दादा, तुला काही अक्कल, असं म्हणत तिने थोरल्या भावाला जे झोडपलं ते अख्ख्या पाड्याने ऐकलं. आरडाओरडा ऐकून यादव आला, तर त्यालाही सोडलं नाही. यादव बिचारा खाली मान घालून म्हणाला, तुझं काम म्हणून तर दिलं. तो खरं तेच बोलत होता. कुणीतरी तिला समोर बसवलं असतं तर हे झालं नसतं, आणि तिला कोंबडी शिजवायला कुणी बसवलं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी ललिताला घेऊन ती नाशिकला आली आणि विभागात तिचं रक्त तपासून घेतलं. सिकलसेल निघाला.

सरांनी सगळं ऐकलं, मग उठून केबिनचं दार लावलं. चेहरा उतरला होता त्यांचा, पण बोलणं मऊ. पोरीला त्यांनी स्वतः तपासलं, गोळ्या दिल्या, केव्हाही घेऊन या म्हणाले. पाड्याचं रक्त पुन्हा घेऊ, पण पुरस्कार होऊन जाऊ दे, दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. मैनाने ललिताचा रिपोर्ट मागितला, तर म्हणाले, कागद कशाला हवा, तुम्ही आहात ना इथे. मैनाने नकाशाचं विचारलं.

“नकाशा छापून झाला, मैनाबाई,” सर म्हणाले. “एका ठिपक्यासाठी एवढं सगळं काम खोटं पाडायचं का?”

एक ठिपका. तिचं माहेर, तिचा भाऊ, कुसाबाई आणि कुसाबाईचा नातू, सगळे मिळून एक ठिपका. त्याच क्षणी तिने टेबल उलटं करायला हवं होतं. पण ललिताच्या गोळ्या सरांच्या कपाटात होत्या आणि फटकळ मैना तोंडाला कुलूप लावून बाहेर आली.

पुरस्काराचा समारंभ कॉलेजातच झाला. पाहुणे दिल्लीहून, मुंबईहून. त्यांच्या घरच्या मंडळींना त्र्यंबकेश्वराला दर्शनाला नेऊन आणायचं काम मैनाकडे लागलं. ती रांगेत पाहुण्यांच्या चपला सांभाळत उभी होती तेव्हा तिकडे पाड्यावर परत गेलेल्या ललिताला ताप भरला. रावजीने तिला पाठीवर घेऊन जवळचा सरकारी दवाखाना गाठला. तिथला डॉक्टर तरुण होता, मनाने वाईट नव्हता. रावजीने त्याला सांगितलं, पोरीला सिकल हाय, मोठ्या कॉलेजात तपासलंय. डॉक्टरने कागद मागितला. कागद नव्हता. डॉक्टरने मागे वळून भिंतीवरचा नकाशा बघितला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, बाबा, तुमच्या पाड्यात हा आजार नाही, त्याच कॉलेजने लिहून दिलंय. हिवताप समजून त्याने गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ललिता गेली.

सांगावा घेऊन यादव एसटीने सातपूरला आला. दारात उभा राहून तो नुसता रडत होता, म्हणून मैनाला बोलणं ऐकायच्या आधीच कळलं. मातीला ती पोचली नाही. पाड्यावरून परतल्यावर ती सरळ सरांच्या केबिनमध्ये गेली. टेबलावर समारंभाचे पुष्पगुच्छ अजून ताजे होते. तिने ते एकेक करून उचलले आणि जमिनीवर टाकले, आणि नकाशा, कागद, चपला, सगळं सगळं त्यांच्या तोंडावर बोलली. सर म्हणाले, फार वाईट झालं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं शिपाई पुढे सांगायचा. असेल. त्या पाण्याचं मैनाने काय करायचं होतं?

तिने नोकरी सोडावी असं निवृत्ती म्हणत होता. तिने सोडली नाही. ती गेली असती तर जांभूळमाळचं नाव काढायला तिथे कुणी उरलं नसतं. सरांना ती रोज तोंड दाखवायची आणि रोज तेच विचारायची, जीप कधी. मीटिंग चालू असली तरी विचारायची, पाहुणे बसलेले असले तरी विचारायची. दोन वर्षं तिने त्यांना असं जगू दिलं नाही. शेवटी दोन हजार चारच्या हिवाळ्यात जीप गेली. या खेपेला मैना टेबलाशी बसली. प्रत्येक नळीवरचं नाव मोठ्याने वाचलं, माणसाचं मनगट धरून हात पुढे ओढला, यादवला लांब वडाखाली बसवून ठेवलं. जेवणाचं काय, असं एका पोराने विचारलं, तर जीपमध्ये ब्रेड आहे म्हणाली. पाड्यात आजारी माणसं निघाली, बरीच निघाली. दर महिन्याला औषधं यायला लागली. कुसाबाईचा नातू पुढे शाळेत जायला लागला, ही गोष्ट खरी आहे आणि ती मैनाच्या तोंडाळपणाची कमाई आहे.

आणि खेडलेकर सरांनी त्यावर दुसरा शोधनिबंध लिहिला. नोकरदार माणूस चूक झाकतो, पण या गृहस्थाने चुकीचंसुद्धा सोनं केलं. स्नेहा नावाच्या एका शिकाऊ डॉक्टरने तो निबंध मैनाला मराठीत समजावून सांगितला. पूर्वी निरोगी मानलेल्या पाड्यात सुधारित तपासणीने रोगाचा नवा पट्टा सापडला, असं त्यात होतं. यादवची बाही त्यात नव्हती, रश्शाचा वास नव्हता. मैनाने सगळं दोनदा ऐकून घेतलं आणि स्नेहाला एकच विचारलं, ह्यात ललिता कुठे आहे. स्नेहाने पानं उलटून पाहिली. नव्हती.

त्या निबंधालाही पुरस्कार मिळाला, पहिल्यापेक्षा मोठा. पुन्हा तेच सभागृह, त्याच माळा, विभागाच्या यशाची भाषणं. बोलता बोलता सरांना उदारपणाचा उमाळा आला. या यशात आमच्या मैनाबाईंचा मोठा वाटा आहे, असं म्हणून त्यांनी तिला स्टेजवर बोलावलं. टाळ्या पडल्या. निवेदन करणाऱ्या मॅडमनी चार शब्द बोला म्हणून तिच्या हातात माइक दिला. आभार मानायचे असतात, एवढं तिला कळत होतं.

“सर,” मैना म्हणाली, “तुमच्या पहिल्या निबंधात आमची ललिता धडधाकट आहे, कारण नळीत रक्त यादवचं होतं. दुसऱ्या निबंधात ती नाहीच, कारण तोवर ती मेली होती. म्हणजे तुमच्या विभागात ती कधी आजारी पडलीच नाही. मग ती कशाने मेली, तेवढं या सगळ्या डॉक्टरांना सांगा.”

पुढच्या रांगेतले पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मॅडमनी घाईघाईने माइकसाठी हात पुढे केला. मैनाने तो दिला नाही, सरांच्या तोंडासमोर धरला आणि तशीच उभी राहिली.