आईने ओळखलेलं दुखणं

इकडे हिंदी मुलखात, गुढियारी वस्तीत माझं मेडिकल स्टोअर आहे आणि फार्मसीची पदवी काउंटरमागे काचेत लावलेली आहे. त्यामुळे बाबांच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा घरात माझ्याशिवाय कुणाला त्यातलं काही कळत असेल असं मला वाटलंच नाही. बाबा ‘उरला’ नावाच्या औद्योगिक भागातल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट करतात, ॲसिडिटी जुनीच. मी सिरप आणि गॅसच्या गोळ्या आणून दिल्या आणि मोकळा झालो.

आई म्हणाली, "हे गॅसचं नाही."

"तुले काय माहीत?"

"त्यायचा गॅस मले तीस वर्षांपासून माहीत आहे. तो छातीशी जळते, थंड दूध घेतलं का बसते. हे उजवीकडं फासळीखाली धरते अन् पाठीत जाते. तुह्या सिरपनं काही होऊन नाही राहिलं."

मी चिडलो. गिऱ्हाईक मला डॉक्टरी शिकवायला लागलं की चिडतो, तसाच. आईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने बाबांच्या डब्यातलं तेल गुपचूप कमी केलं. फोडणी नावापुरती, भजी बंद. बाबा कुरकुरले, पण आठ-नऊ दिवस पोट दुखलं नाही. त्याचं श्रेय मी अर्थातच माझ्या गोळ्यांना दिलं.

रविवारी दुपारी शेजारच्या दीदीने उडदाचे तळलेले ‘बरे’, म्हणजे वडे, पाठवले. बाबांनी पाच-सहा हाणले. तासाभरात ते उजवी कूस दाबून पलंगावर वाकले, घाम फुटला, उलटी झाली. सिरप दिलं, ओवा दिला, ढेकरही आले, पण कळ दोन तास हलली नाही. "सकाळची शिफ्ट आहे, नंतर पाहू," बाबा म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण मीही मान डोलावली.

"पाहाचं ते आज पाहू," आई म्हणाली आणि स्वतः जाऊन ऑटो घेऊन आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं. मी अडखळलो. मग आईने आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं: दुखणं कुठून उठतं, कुठे जातं, काय खाल्लं की येतं, किती वेळ राहतं, कशाने थांबत नाही. डॉक्टरांनी तिला एकदाही मध्येच तोडलं नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, सूजही होती. "गैस समझकर और टालते, तो बात बिगड़ जाती," ते म्हणाले. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्याच काउंटरखाली होता. तरी खरं सांगतो, डॉक्टरांसमोर आई बोलत होती तेव्हा माझी छाती फुगली होती. खजील मी नंतर झालो. माझ्या दुकानातल्या एकाही औषधाचं नाव तिला वाचता येत नाही, आणि बाबांचा जीव तिने वाचवला.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर पथ्याचा कागद घेऊन माझ्याकडे वळले, घरातला शिकलेला म्हणून.

"सर, मुझे नहीं," मी म्हणालो, "माँ को बताइए." आणि आईसाठी खुर्ची पुढे ओढली.