चढावरची बोट

दसऱ्याच्या दिवशी मी बोटीच्या इंजिनात नको इतकं ऑइल ओतलं.

आमची जुनी जेट बोट हडपसरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रेलरवर उभी असते. पूजेचा हार सगळ्यांना दिसावा म्हणून मी ट्रेलर चढावर लावला, बोटीचं नाक वर. हार झकास दिसला. त्याच उत्साहात इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी काढली, तर टोक कोरडं! इंजिन मागे कललंय, म्हणजे ऑइलही मागे गेलं असणार, हे सुचायला हवं होतं. मी आपला ओतत गेलो.

दुसऱ्या दिवशी सासरे धरणावर बोटीत बसणार होते. ‘बोट घेणं हा शुद्ध मूर्खपणा’ हे त्यांचं मत बदलायची माझी हीच संधी होती.

ट्रेलर सपाटीवर आणून पुन्हा पाहिलं. ऑइल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर! सासरे खुर्ची टाकून सगळं बघत होते. मी डगमगलो नाही. पट्टीच्या नळीतून हातपंपाने जादा ऑइल उपसलं, जरा थांबलो, पुन्हा पट्टी बुडवली. बरोबर दोन खुणांच्या मध्ये.

“बाबा, उद्या सकाळीच निघू,” मी ऐटीत म्हणालो.

“जावईबापू, बोटीत तुम्ही एकटेच बसा. मी काठावर थांबतो. मदत बोलवायला कोणीतरी शहाणं माणूस लागेल.”